कोकणातून फॉर्मल व्हेरिफिकेशनच्या परिषदेला पेपर पाठवायचाय? मग या क्रमाने चला

लोणेरे, खेड, देवरुख, रत्नागिरी, कणकवली, यांपैकी कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला किंवा एमटेकला असाल, व्हेरिलॉग (चिपची रचना लिहायची भाषा) किंवा सी बऱ्यापैकी येत असेल आणि ‘सगळ्या टेस्ट पास झाल्या’ एवढ्यावर तुमचं समाधान होत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चिप किंवा प्रोग्राम चुकत नाही हे चाचण्यांच्या ढिगाने न दाखवता गणिताने सिद्ध करायचं, हा फॉर्मल व्हेरिफिकेशन या क्षेत्राचा धंदा. इथल्या परिषदांना लागणारी जवळजवळ सगळी हत्यारं फुकट मिळतात, पेपर फुकट वाचता येतात आणि साधा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. अडतं ते क्रम माहीत नसल्यामुळे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. इथला परीक्षक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. दावा नेमका काय, तो कशावर तपासला आणि दुसऱ्याच्या मशीनवर तो पुन्हा तपासता येतो का, हे तीन प्रश्न तो विचारणार. खालची प्रत्येक पायरी या तीन प्रश्नांच्या तयारीसाठी आहे.

१. परिषद आधी ठरवा, पेपर नंतर

संगणकशास्त्राच्या या शाखेत परिषदेतल्या पेपरला जर्नलइतकंच, कधी त्याहून जास्त वजन असतं. नुसता सारांश पाठवून काम होत नाही. पूर्ण लांबीचा पेपर जातो, तीन-चार जण तो वाचतात आणि बरेचसे पेपर परत येतात. त्यामुळे कुठे पाठवायचं यावर कामाचा आकार आणि तारखा दोन्ही ठरतात.

- एफएमकॅड. १९९६ पासूनची, मुख्यतः हार्डवेअरची. साधारण ऑक्टोबरमध्ये भरते, पेपर एप्रिल-मेच्या सुमाराला जातात. २०२२ ला इटलीत ट्रेंटो, २०२३ ला अमेरिकेत एम्स, २०२४ ला प्राग, अशी ती फिरती असते.
- कॅव, म्हणजे कम्प्युटर एडेड व्हेरिफिकेशन. १९८९ पासूनची, या क्षेत्रातली सर्वांत मानाची. बहुतेकदा जुलैत, पेपर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत.
- टॅकास. ईटॅप्स या मोठ्या युरोपीय मेळाव्याचा भाग. एप्रिल-मेमध्ये, पेपर आदल्या ऑक्टोबरात. नवं टूल बनवणाऱ्यांची हक्काची जागा.
- एटीव्हीए. बहुतेकदा आशियात, ऑक्टोबरच्या आसपास. २०१७ ला ही परिषद पुण्यात झाली होती.
- एफएसटीटीसीएस. दर डिसेंबरात, भारतात. कल सिद्धांताकडे.
- डीव्हीकॉन इंडिया. बंगळुरूत. कंपन्यांतल्या व्हेरिफिकेशन इंजिनिअरांची. नोकरीच्या दृष्टीने फार उपयोगी, पण तिथला पेपर म्हणजे संशोधनाचा पेपर असं धरून चालू नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला आमचं सांगणं स्पष्ट आहे: एफएमकॅडच्या स्टुडंट फोरमपासून सुरुवात करा. २०१३ पासून तो चालतो. दोन पानं लिहायची, काम अर्धवट असलं तरी चालतं आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनाही दार उघडं असतं. जगातली जाणकार माणसं पोस्टरसमोर उभी राहून तुमच्या कामातल्या फटी दाखवतात. पूर्ण पेपर नाकारला गेला तर तीन परिच्छेदांचा अभिप्राय मिळतो, इथे तासाभराची चर्चा मिळते. कॅवसोबत नवख्या विद्यार्थ्यांसाठी मेंटॉरिंग वर्कशॉप भरतं, त्यासाठी प्रवासखर्चाची मदतही असते. तिथे पेपर नसतानाही अर्ज करता येतो.

आता सापळा. ‘स्कोपस इंडेक्स्ड, तीन दिवसांत स्वीकृती, आधी फी भरा’ अशा ईमेल तुमच्याकडे येतच असतील. कॉलेजला प्रमाणपत्र हवं असतं म्हणून मुलं पैसे भरतात आणि चांगलं काम वाया जातं, कारण एकदा कुठेतरी छापलेलं तेच काम खऱ्या परिषदेला पाठवता येत नाही. ओळखायचं कसं? एकाच परिषदेत सिव्हिल, शेती, व्यवस्थापन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता सगळंच असेल तर सोडून द्या. परीक्षक मंडळातली दोन नावं निवडा, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन या परिषदेचा उल्लेख आहे का पाहा. डीबीएलपी या मोफत सूचीत गेल्या काही वर्षांचे पेपर सापडतात का तेही बघा.

२. वाचन आणि माणसं

एफएमकॅड, कॅव, टॅकास आणि एफएसटीटीसीएस यांचे अलीकडचे सगळे पेपर मुक्त आहेत. ग्रंथालयाची वर्गणी नाही म्हणून कुणाचं अडायला नको. निवडलेल्या परिषदेच्या मागच्या दोन वर्षांतले तुमच्या विषयाचे दहा पेपर काढा. सुरुवातीला प्रत्येकाचा फक्त प्रस्तावना आणि प्रयोग हा भाग वाचा. त्यात कोणती टूल्स आणि कोणते बेंचमार्क (टूल्स तोलायचे ठरलेले नमुने) पुन्हा पुन्हा येतात याची यादी करा. तुमचा पेपर त्याच यादीशी तोलला जाणार आहे.

जवळपास या विषयाचं कुणी नसेल तर आयएआरसीएस या संस्थेची ऑनलाइन व्हेरिफिकेशन व्याख्यानं ऐका आणि भारतात भरणाऱ्या सॅट-एसएमटी स्कूलला अर्ज करा. आयआयटी मुंबईत या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे. पुण्यात टीसीएस रिसर्चमध्ये घडलेलं व्हेरीॲब्स हे टूल एसव्ही-कॉम्प या व्हेरिफिकेशन टूल्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेलं आहे. म्हणजे जाणती माणसं घाट चढून गेलं की आहेतच. त्यांना ईमेल लिहाल तर आठ ओळींत लिहा: काय तपासलं, कशाने तपासलं, कुठे अडलं आणि कोडचा दुवा. ‘कृपया मार्गदर्शन करा’ एवढ्यावर उत्तर येत नाही. अडलेली नेमकी जागा दाखवली की बहुतेकदा येतं.

३. हत्यारं बसवा

मशीनवर थेट उबुंटू बसवा. विंडोजच्या आतल्या लिनक्सवर शिकता येतं, पण पुढे वेळ आणि मेमरी मोजताना ते दगा देतं. ८ जीबी रॅमवर सुरुवात होते, १६ असली तर निवांत.

हार्डवेअरसाठी ओएसएस कॅड सूट नावाची एकच फाइल उतरवून घ्या. तिच्यात योसिस (व्हेरिलॉग वाचणारं टूल), सिम्बीयोसिस (दावे तपासून घेणारं टूल) आणि बरेच सॉल्व्हर (आतलं गणित सोडवणारे प्रोग्राम) एकत्र येतात. वेगवेगळं बसवत बसलात तर आवृत्त्या जुळत नाहीत आणि दोन दिवस त्यातच जातात. सी प्रोग्रामसाठी सीबीएमसी. वितरित प्रणालींसाठी टीएलए प्लस. हाताने सिद्धता लिहायच्या असतील तर लीन, इसाबेल किंवा पूर्वी कॉक म्हणून ओळखलं जाणारं रॉक. पहिल्या कामासाठी यातलं एकच घ्या. उतरवलेल्या फाइलची आवृत्ती आणि तारीख त्याच दिवशी वहीत नोंदवा, पेपरमध्ये ती लिहावीच लागते.

लेखनासाठी टेक्स लाइव्ह पूर्ण उतरवून ठेवा. ऑनलाइन संपादक सोयीचा आहे, पण पावसात नेट गेलं की पेपरही गेला.

४. एक छोटा दावा शेवटपर्यंत सिद्ध करा

इथेच सर्वांत जास्त वेळ घालवा. समोरचंच उदाहरण घेऊ. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. दोन स्थानकांमधल्या एकेरी तुकड्याच्या दोन टोकांना दोन सिग्नल, आणि त्यांच्यावर ताबा ठेवणारा छोटा कंट्रोलर व्हेरिलॉगमध्ये लिहा. खरं इंटरलॉकिंग (सिग्नल आणि रूळ एकमेकांशी बांधून ठेवणारी यंत्रणा) याहून कितीतरी गुंतागुंतीचं असतं, हे फक्त सरावापुरतं. दावा एका ओळीचा: उत्तरेचा आणि दक्षिणेचा सिग्नल एकाच वेळी हिरवा कधीच होत नाही.

हा दावा असर्ट (टूलने तपासायची अट) म्हणून लिहिलात, सिम्बीयोसिसला बीएमसी मोडमध्ये खोली (किती क्लॉकपर्यंत पाहायचं ती मर्यादा) २० देऊन चालवलंत आणि ‘पास’ आलं. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि ‘आम्ही सिद्ध केलं’ असं लिहून मोकळे होतात. सिद्ध काहीच झालेलं नाही. रीसेटनंतरच्या पहिल्या २० क्लॉकमध्ये चूक सापडली नाही, एवढंच कळलं. तुमच्या कंट्रोलरमध्ये गाडी तुकड्यातून बाहेर पडेपर्यंत २५५ पर्यंत मोजणारा काउंटर असेल आणि चूक तो संपताना घडत असेल, तर खोली २० ला ती कधीच दिसणार नाही.

म्हणून प्रूव्ह मोड. तो इंडक्शन वापरतो: सलग काही पायऱ्या दावा खरा असेल तर पुढच्या पायरीलाही खरा राहतो का, हे तो कुठल्याही अवस्थेपासून सुरुवात करून तपासतो. पहिल्या वेळी तो बहुधा नापास होईल. घाबरू नका. काउंटरएग्झाम्पलचा, म्हणजे दावा मोडणाऱ्या उदाहरणाचा, वेव्हफॉर्म (सिग्नलांचा आलेख) जीटीकेवेव्ह या टूलमध्ये उघडा आणि पहिल्याच क्लॉकची अवस्था नीट पाहा. उत्तरेचा सिग्नल हिरवा आहे, पण ताबा कुणाकडे हे सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये दक्षिण लिहिलंय, असं काहीतरी दिसेल. रीसेटपासून निघून या अवस्थेला कंट्रोलर कधीच पोचत नाही, पण इंडक्शनला ते ठाऊक नाही. ते त्याला सांगावं लागतं: ‘उत्तर हिरवा असेल तर ताबा उत्तरेकडेच असतो’ असा दुसरा असर्ट जोडा. हा मदतीचा दावासुद्धा टूल सिद्ध करून घेतं, त्यामुळे फसवणूक होत नाही. असे दोन-तीन दावे जोडले की मूळ दावा सुटतो. हे मदतीचे दावे शोधणं हेच या विद्येतलं खरं कौशल्य, आणि पेपरमध्ये परीक्षकाला वाचायचं असतं ते हेच.

याहून वाईट सापळा पोकळ पासचा. रीसेटबद्दलचं अझ्युम (टूलला दिलेलं गृहीतक) चुकून ‘रीसेट नेहमी चालू’ असं लिहिलं गेलं, तर कुठलाच सिग्नल कधी हिरवा होणार नाही आणि सगळे दावे झटक्यात पास होतील. दोन अझ्युम परस्परविरोधी असले तरीही तेच. यावर उपाय कव्हर मोड. ‘उत्तर हिरवा होतो’, ‘उत्तरेनंतर दक्षिण हिरवा होतो’, ‘काउंटर शेवटपर्यंत पोचतो’ या तिन्ही गोष्टी खरोखर घडू शकतात हे त्याच अझ्युमसह दाखवून घ्या. कव्हर न चालवता आलेला पास पेपरमध्ये लिहू नका. शिवाय डिझाइनमध्ये मुद्दाम एक चूक घाला, समजा ताबा तपासणारी अट काढून टाका, आणि टूल ती पकडतं का पाहा. पकडत नसेल तर दावाच कच्चा आहे.

‘थांबलेल्या गाडीला कधी ना कधी सिग्नल मिळतोच’ हा दावा वेगळ्या जातीचा आहे. त्याचा भंग दाखवायला कधीच न संपणारी वाटचाल लागते, आणि ‘पुढची गाडी कधीतरी तुकडा सोडते’ असं गृहीत धरल्याशिवाय तो खराही नसतो. पहिल्या कामात तो न घेतलेला बरा. घेतलाच तर गृहीतक पेपरमध्ये ठळक लिहा.

सराव झाला की खरा विषय घ्या. खुले आरआयएससी-फाइव्ह प्रोसेसर उपलब्ध आहेत, त्यांच्यासाठी आरआयएससी-फाइव्ह फॉर्मल नावाची तयार चौकटही आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती हा प्रोसेसरही खुला आहे. अख्ख्या प्रोसेसरवर उडी मारू नका. एक फिफो (डेटाची रांग), एक आर्बिटर (पाळी ठरवणारा भाग), एक बस ब्रिज (दोन बस जोडणारा भाग) असा एकच भाग घ्या आणि त्याचे सगळे दावे पूर्ण करा.

५. मोजमाप

‘आमची पद्धत वेगवान आहे’ असं म्हणायचं असेल तर आकडे लागतात, आणि ते दुसऱ्याने मोजले तरी तसेच यायला हवेत. बेंचएक्झेक हे टूल वापरा. ते प्रत्येक धावेला वेळेची आणि मेमरीची मर्यादा घालतं आणि टूलने सुरू केलेल्या उपप्रक्रियांचाही हिशेब धरतं. घड्याळ लावून किंवा साध्या टाइम कमांडने मोजलेले आकडे परीक्षकाला पटत नाहीत.

एसव्ही-कॉम्पमध्ये प्रत्येक कामाला १५ मिनिटं सीपीयू वेळ देतात, तीच मर्यादा धरली तर कुणी आक्षेप घेत नाही. पण हिशेब आधी करा: ६० बेंचमार्क, दोन टूल्स, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे वाईटात वाईट ३० तास. तेवढ्यात लाईट एकदा तरी जाणार. म्हणून प्रत्येक कामाचा निकाल वेगळ्या फाइलीत लिहा आणि राहिलेल्या कामापासून पुन्हा सुरू होईल अशी स्क्रिप्ट ठेवा. लॅपटॉपची झोप बंद करा.

मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. सकाळी ४० सेकंदांत सुटलेलं काम दुपारी ५५ सेकंद घेतं, आणि तुम्हाला वाटतं नवीन पद्धत मंद आहे. टर्बो (प्रोसेसरने आपोआप वेग वाढवणं) बंद करून रात्री चालवा, दोन्ही टूल्सच्या धावा आलटून पालटून ठेवा, तीन वेळा मोजा. जमलं तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एखादा डेस्कटॉप आठवडाभर मागून घ्या.

न सुटलेली कामं लपवू नका. किती सुटली, किती वेळेअभावी राहिली, किती मेमरीअभावी, असा तक्ता द्या.

६. लिहिणं

एफएमकॅडला दोन रकान्यांचा साचा, लांब पेपरला ८ पानं आणि छोट्याला ४. कॅव आणि टॅकासला स्प्रिंगरचा एलएनसीएस साचा. मर्यादा दर वर्षीच्या आवाहनात पुन्हा वाचा, संदर्भसूची धरून की सोडून हेही बघा. समास कमी करून किंवा ओळी जवळ आणून जागा काढलीत तर पेपर न वाचताच परत येऊ शकतो.

पहिल्या पानावर दावा एका वाक्यात यायला हवा, आणि त्याच पानावर एक चालतं उदाहरण. वरचा सिग्नलचा नमुना अशा उदाहरणाला चांगला शोभतो. मॉडेल चेकिंग (टूलने अवस्था तपासत दावा पडताळण्याची ही पद्धत) म्हणजे काय हे दीड पान समजावू नका, वाचणाऱ्याला ते माहीत आहे. ती जागा मदतीचे दावे कसे सापडले याला द्या. संबंधित कामाच्या भागात नुसती नावं ओवू नका. प्रत्येक कामापेक्षा तुमचं वेगळेपण काय ते एका वाक्यात सांगा.

परीक्षण नाव झाकून असेल तर पेपरवरचं नाव काढून भागत नाही. कोडचा दुवा, आभार, ‘आमच्या आधीच्या कामात’ अशी वाक्यं, प्रयोगशाळेचं नाव असलेले फोल्डर, पीडीएफच्या गुणधर्मांत आपोआप आलेलं लेखकाचं नाव, हे सगळं तपासा.

लेखकांचा प्रश्न आधीच मिटवा. काम न करणाऱ्यांची नावं घालायचा आग्रह होतो. या परिषदांना प्रत्येक लेखक मजकुराला जबाबदार असतो हे दाखवून नम्रपणे नकार द्या. मदत करणाऱ्यांसाठी आभाराची जागा आहे.

७. पाठवण्याचा दिवस

बहुतेक ठिकाणी दोन तारखा असतात: आधी सारांशाची, मग साधारण आठवड्याने पेपरची. सारांशाची चुकली तर पेपर घेत नाहीत. वेळ ‘एओई’ अशी लिहिलेली असते, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. आपल्या घड्याळात रात्री ११:५९ एओई म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५:२९. हे माहीत नसल्यामुळे काही जण आदल्या रात्री अर्धा पेपर पाठवून बसतात. उलट, मे महिन्यात नेमकी संध्याकाळीच वळवाची सर येते, लाईट जाते आणि टॉवरही बंद पडतो. आदल्या दिवशी एक पूर्ण आवृत्ती चढवून ठेवा. मुदतीपर्यंत ती हवी तितक्या वेळा बदलता येते. इझीचेअर किंवा हॉटसीआरपी या पेपर स्वीकारणाऱ्या संकेतस्थळावर खातं आठवडाभर आधी उघडा आणि चढवलेली पीडीएफ पुन्हा उतरवून डोळ्यांनी बघा.

८. आर्टिफॅक्ट

कोड, बेंचमार्क आणि स्क्रिप्ट एका पेटीत बांधून देतात, त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. टॅकासला टूल पेपरसोबत तो सक्तीचाच आहे. कॅवमध्ये वेगळं मंडळ तो चालवून पाहतं आणि पेपरवर शिक्के देतं. स्टुडंट फोरमसाठी लागत नाही, तरी बनवा. पोस्टरवर त्याचा दुवा असला की लोक थांबतात.

डॉकर इमेज (लागणारं सगळं सॉफ्टवेअर आत बांधलेली पेटी) हा सोपा मार्ग. बांधून झाल्यावर नेटवर्क बंद ठेवून ती चालवा. तपासणाऱ्याकडे नेट नसतं असंच धरा. बऱ्याच इमेज इथेच पडतात, कारण स्क्रिप्ट चालताना गुपचूप एखादं पॅकेज उतरवत असते. स्क्रिप्टमध्ये तुमच्या होम फोल्डरचा पत्ता राहिलाय का पाहा. एआरएम चिपच्या लॅपटॉपवर बांधलेली इमेज साध्या इंटेल मशीनवर चालत नाही, तेही लक्षात ठेवा.

रीडमीत तीन गोष्टी हव्यात: पाच मिनिटांत संपणारी छोटी चाचणी, पेपरमधला कुठला तक्ता कुठल्या आज्ञेने निघतो त्याची यादी, आणि प्रत्येक आज्ञेला लागणारा वेळ व मेमरी. अख्खे ३० तास कुणी देणार नाही, म्हणून तासाभरात होणारा निवडक संच वेगळा ठेवा.

मग हे सगळं झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहावर चढवा, तिथे कायमचा डीओआय (न बदलणारा ओळखक्रमांक) मिळतो. ४ जीबीची फाइल ५ एमबीपीएसच्या लाइनवर चढायला पावणेदोन तास लागतात, तेही मध्ये तुटलं नाही तर. इमेज छोटी ठेवा, कंपायलर आणि तात्पुरत्या फाइली काढून टाका. नाव झाकून परीक्षण असेल तर झेनोडोवरचं तुमचं नावही दिसतं हे विसरू नका.

९. परीक्षणं आली की

काही परिषदा निकालाआधी उत्तर द्यायला थोडे दिवस देतात. ती तारीख कॅलेंडरमध्ये आधीच टाका, त्या आठवड्यात लग्नकार्याला गावी गेलात तर संधी जाते. उत्तरात फक्त चुकीचा समज दूर करा आणि विचारलेला आकडा द्या. ‘हे आम्ही पुढे करू’ याने मत बदलत नाही, ‘हे आज चालवलं, निकाल असा’ याने बदलतं.

नकार आला तर आठवडाभर जाऊ द्या, मग प्रत्येक आक्षेपासमोर काय बदललं ते लिहून पुढच्या परिषदेला पाठवा. परीक्षकांचं वर्तुळ लहान आहे, तोच माणूस पुन्हा समोर येऊ शकतो. न बदललेला पेपर तो ओळखतो.

१०. पैसे आणि कागदपत्रं

पेपर स्वीकारला गेला की किमान एका लेखकाने नोंदणी करून जावं लागतं. खर्चासाठी तीन दारं एकाच वेळी ठोठवा: परिषदेची स्वतःची विद्यार्थी मदत, एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस यांचं प्रवास अनुदान, आणि कॉलेज. कॉलेजच्या अर्जात विषय प्राचार्यांना कळेल असा मांडा. १९९४ मध्ये पेंटियम चिपच्या भागाकारात चूक निघाली आणि इंटेलने ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले. १९९६ मध्ये ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत न मावल्याने एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरात फुटलं. ही दोन वाक्यं दोन पानी प्रस्तावनेपेक्षा जास्त काम करतात.

पासपोर्ट आज नसेल तर आजच अर्ज करा, पेपर स्वीकारण्याची वाट पाहू नका. व्हिसासाठी साधारण हे लागतं:

- परतीनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांतला, दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट
- परिषदेचं निमंत्रणपत्र (नोंदणीनंतर वेगळं मागावं लागतं, आपोआप येत नाही) आणि स्वीकृतीची ईमेल
- कॉलेजचं बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र, लेटरहेडवर, तारखेसह
- खर्च करणाऱ्या पालकांची बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, आणि अनुदान असेल तर त्याचं पत्र
- युरोपासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा
- राहण्याचं आणि तिकिटाचं आरक्षण, शक्यतो रद्द करता येणारं

पालकांचं उत्पन्न बागायतीचं असेल आणि सातबारा जोडणार असाल तर त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत द्या.

सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. पेपरवर नुसतं नाव-आडनाव. निमंत्रणपत्र, विमा, तिकीट आणि बोनाफाइड या चारही गोष्टींवर पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने घ्या.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. निर्णयाला १५ दिवस धरतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. बोटांचे ठसे द्यायला पहिल्यांदा स्वतः जावं लागतं, एजंट चालत नाही. अमेरिकेसाठी परिषदेला बी-१ व्हिसा आणि मुंबईत बीकेसीला मुलाखत. तारखा लांबच्या मिळतात, म्हणून नोंदणी होताच त्याच दिवशी पाहा.

ऑक्टोबरच्या परिषदेसाठी या फेऱ्या नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. गौरी-गणपतीनंतर मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मुलाखतीची तारीख मिळताच तिकीट काढा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात आणि दरड कोसळली तर मार्ग बंद पडतो. मुलाखतीला असो वा विमानाला, मुंबईत एक दिवस आधी पोचा. सिंधुदुर्गातल्यांना गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दिल्ली किंवा बंगळुरूमार्गे जाणं कधी कधी सोपं पडतं, दोन्ही भाडी तपासा.

११. पोस्टर आणि भाषण

पोस्टर बहुतेकदा ए-झिरो, म्हणजे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर, उभं. कापडावर छापून घ्या. घडी घालून बॅगेत मावतं आणि भिजलं तरी वाळतं. मधोमध दावा मोठ्या अक्षरात, डावीकडे उदाहरण, उजवीकडे तक्ता, खाली आर्टिफॅक्टचा क्यूआर कोड. दोन मीटरवरून वाचता येत नसेल तर मजकूर कमी करा.

भाषणाला मिळालेल्या वेळेत एकच सिद्धता नीट दाखवा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, वेव्हफॉर्मचं चित्र समोर असेल तर सगळे समजून घेतात. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. उत्तर माहीत नसेल तर ‘हे तपासलेलं नाही’ असं सरळ म्हणा. या लोकांत अशा उत्तराला मान आहे.

मुख्य कार्यक्रमाआधीच्या दिवशी ट्युटोरियल असतात, ती चुकवू नका. जेवणाच्या टेबलावर आपल्याच देशाच्या घोळक्यात बसू नका. ज्यांची टूल्स वापरलीत ती माणसं तिथेच असतात, त्यांना तुमचा काउंटरएग्झाम्पल दाखवा.

निघण्याआधी नोंदणीच्या टेबलावरून हजेरीचं प्रमाणपत्र घ्या, मागाहून मिळायला वेळ लागतो. बोर्डिंग पास, हॉटेलचं मूळ बिल, नोंदणीची पावती आणि परकीय चलन घेतल्याची पावती एका पाकिटात ठेवा, फोटोही काढून ठेवा. अनुदानाचे पैसे बहुतेकदा या कागदांवरच नंतर मिळतात आणि ते पाठवायला मुदत असते, ती मंजुरीपत्रात बघून ठेवा.